तेर्काची कुंडी

मी बेलार्मिना. आमच्या डोंगरावर मला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ओळखून घाबरत नाही असा अजून जन्मायचाय. शाळा मी दुसरीत सोडली, कारण बाईंना माझ्याशी वाद घालून घालून ठसका लागायचा. पण तेव्हापासून आजपर्यंत जे बोलले ते करून दाखवलं. फक्त एकदा, करून दाखवलं ते नेमकं कसं, हे कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही लांब राहता.

सुरुवात माझ्या दिराने केली. हिल्दार्दो त्याचं नाव. खाली डांबरी सडकेला त्याने हॉटेल काढलंय. शहरातली माणसं येतात, झोळीत लोळतात, कोंबडा आरवला की त्याचे फोटो काढतात आणि आमच्याच झाडाची कॉफी पिऊन आम्हालाच सांगतात की ती चांगली आहे. त्या हॉटेलच्या दारात हिल्दार्दोला एक जुना ट्रक हवा होता. चालवायला नाही, फुलं लावायला. ही नवीच साथ आलीय आमच्याकडे. जुनी गाडी धरायची, तिचं इंजिन उपसायचं, पोटात माती भरायची आणि बॉनेटमधून फुलं काढायची. जन्मभर राबलेल्या बाईला म्हातारपणी गजरा माळून रस्त्यावर बसवावं, तसं दिसतं ते.

रविवारी मिस्सेची प्रार्थना संपली, सगळा गाव देवळासमोर कॉफी पीत उभा, आणि हा आला.

"वहिनी, तुमच्या पेरूखाली ती तेर्का नुसती सडतेय. मला द्या. मानाने ठेवतो. बेगोनिया लावतो तिच्यात."

"भावजी, आधी तुमच्या टकलावर लावून बघा. उगवल्या तर बोलू."

लोक हसले. हिल्दार्दोचं टक्कल लाल झालं. पण तोही आमच्याच घरातला, गप्प कसला बसतो.

"बोलायला तुम्ही आहातच. पण ती चालते तरी का? एवेलिओ गेल्यापासून तिच्यात कोंबड्या अंडी घालतात म्हणे."

एवेलिओ माझा नवरा. आणि तेर्का हा त्याचा ट्रक. तोंड जीपचं, पाठ लाकडी, आणि वय माझ्याहून थोडंसंच कमी. ह्या ट्रकने कॉफीची पोती वाहिली, केळीचे घड वाहिले, नवऱ्या मुली वाहिल्या आणि शेवटी एवेलिओलाही दफनभूमीत तिनेच नेलं. आमच्याकडे हटवादी बाईला तेर्का म्हणतात. ट्रकचं हे नाव एवेलिओने ठेवलं. कुणावरून ठेवलं, ते मी कधी विचारलं नाही.

"चालते का?" मी म्हटलं. "अहो, कार्मेनमातेच्या सणाला ती तंगडीमोडीने वरच्या देवळात जाईल. स्वतःच्या चाकांवर, आणि मला घेऊन."

सगळ्यांचे कप हवेत थांबले. तंगडीमोड म्हणजे वरच्या देवळाकडे जाणारी खेचरांची जुनी वाट. नाव उगाच नाही पडलेलं. खेचरंसुद्धा मधल्या उंच खडकाच्या पायरीपाशी येतात आणि खाली बसून विचार करतात. चाकाच्या गाडीला वेगळी सडक आहे, डोंगराला लांब वळसा घालून जाणारी. तंगडीमोडीने ट्रक नेलेला एकच माणूस, माझा एवेलिओ, आणि तोही जवानीत.

"आणि नाही गेली तर?" हिल्दार्दोने विचारलं.

"नाही गेली तर घेऊन जा. बेगोनियाच काय, भोपळे लावा तिच्यात."

"पाद्रे, ऐकलंत ना?" हिल्दार्दो ओरडला. पाद्रे एलिसेओ देवळाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी मान हलवली. आता माघार घ्यायची तर देवाच्या दारात घ्यावी लागली असती, आणि मी ती तिथेही घेत नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या मुलाच्या, फाबेरच्या हातातली मक्याची भाकरी ताटात पडली.

"आई, ती गाडी सुरूसुद्धा होत नाही."

"म्हणून तर तुला जन्म दिला."

"मी केळी विकतो, आई. मी मिस्त्री नाही."

मिस्त्री घरात होती, ती माझी सून, यूरानी. तिच्या बापाचं तालुक्याला गॅरेज. पोर गाड्यांखालीच वाढली. लग्नात तिच्या नखांत ग्रीस होतं, आणि मी ते सगळ्या पाहुण्यांना दाखवलं होतं. ती तेव्हापासून माझ्याशी गोड बोलते, म्हणजे मला धडकी भरेल इतकं गोड. त्या दिवशी तिने हातातलं ताट बाजूला सारलं. उठली, पेरूखाली गेली, बॉनेट उघडलं. आतून एक कोंबडी अशी फणकारत बाहेर आली, जशी काही न कळवता घरमालकीण शिरल्यावर भाडेकरीण.

"सासूबाई, होईल," यूरानी म्हणाली. "पण एक अट आहे. मी सांगेन तसं होईल. तुमचा हात लागायचा नाही."

"माझ्या घरात मला अट?"

"तर मग बेगोनिया कुठल्या रंगाच्या लावायच्या?"

बघा, अशी आहे ती. मी अट मान्य केली. निदान तोंडाने तरी.

मग आमच्या अंगणाचं गॅरेज झालं. इंजिन जाम झालेलं. यूरानीने त्याच्या नळकांड्यांत तेल ओतून ठेवलं आणि दर सकाळी फाबेरला इंजिनचं चाक फिरवायला लावलं. फाबेर लोंबकळायचा, चाक ढिम्म. एक दिवस अचानक फिरलं आणि फाबेर पेरूच्या बुंध्यावर जाऊन आदळला. पेरू पडले, पण इंजिन सुटलं. मग तिने स्प्रिंगच्या पाट्यांवर जादा पाटे चढवून ट्रक उचलला. मग बापाच्या गॅरेजमधून एवढी मोठी चाकं आणली की ती बसेनात. तेव्हा तिने एवेलिओचे मडगार्ड करवतीने कापायला घेतले. मी ट्रकसमोर उभी राहिले.

"हात लावशील तर बघ. त्याने स्वतः रंगवलेले आहेत."

"सासूबाई, चाक मडगार्डला घासलं तर पायरीवर टायर फाटेल."

"एवेलिओच्या वेळी नाही फाटला."

"एवेलिओबाबांच्या वेळी पायरी लहान होती. तेव्हापासून पावसाने खालची माती नेलीय. मी जाऊन बघून आलेय."

ती एकटी त्या वाटेने चढून बघून आली होती. मला न सांगता. मी बाजूला झाले. करवतीचा आवाज ऐकवेना, म्हणून आत जाऊन मी उगाचच भांडी आपटली.

पुढे तिने तारेचा दोर गुंडाळायचा रहाट बसवला, म्हणजे अडकलं तर झाडाला दोर बांधून गाडी स्वतःच स्वतःला ओढेल. धुराचं नळकांडं वर छपरापर्यंत नेलं. चारही चाकं एकदम ओढतील असा पुढचा धुरा ठीक केला. सगळं झाल्यावर ट्रक इतका उंच झाला की मला आत चढता येईना. स्वयंपाकघरातलं स्टूल आणावं लागलं. मी स्टुलावर, फाबेर खालून ढकलतोय आणि यूरानी वरून ओढतेय.

"पोत्यासारखी काय ओढतेस?"

"पोतं बोलत नाही, सासूबाई."

एकाच गोष्टीवर मी अडून बसले. रेडिएटर. यूरानीने मोठ्या ट्रकचा, जाडजूड रेडिएटर आणून ठेवला होता. जुना काढून फेकायचा म्हणाली.

"तो राहील," मी म्हटलं.

"गळका आहे हो. किती ठिकाणी झाळलाय बघा."

"एवेलिओने झाळलाय. प्रत्येक ठिगळ मला पाठ आहे. हे ठिगळ फाबेर झाला त्या वर्षीचं. हे, कॉफीला कीड लागली तेव्हाचं. मडगार्ड दिले, तो नाही द्यायची."

यूरानीने माझ्याकडे बघितलं. मग नवा रेडिएटर पोत्यात गुंडाळून पेरूखाली ठेवून दिला.

"बरं. पण ह्याच्यात साध्या स्वच्छ पाण्याशिवाय काहीही जाणार नाही. काहीही म्हणजे काहीही."

"मला काय कळत नाही?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

सणाची सकाळ उजाडली. कार्मेनमाता ही आमच्याकडे गाडीवाल्यांची आई. त्या दिवशी बस, दुधाचा ट्रक, मोटारसायकल, जे जे चाकावर चालतं ते सगळं धुऊन, फुगे आणि कागदी फुलं बांधून गावच्या देवळासमोर रांगेत उभं राहतं. पाद्रे येऊन पवित्र पाणी शिंपडतात, सगळे एकदम हॉर्न वाजवतात आणि जवळपासची कुत्री वेडी होतात. तेर्का रांगेत उभी राहिली, तेव्हा बाकीच्या गाड्या तिच्या गुडघ्यापर्यंत आल्या. मी वर बसले होते, नवी शाल, पायाशी स्टूल आणि दोन डबे. एकात रेडिएटरसाठी पाणी. दुसऱ्यात वाटेत प्यायला गुळाचं पाणी. गुळाचं पाणी आमच्या चुलीवरून कधी उतरत नाही. सकाळी गरम, दुपारी गार, आजाऱ्याला, पाहुण्याला, मजुराला. डोंगरावरचा माणूस त्याच्याशिवाय दारासमोरची वाटसुद्धा ओलांडत नाही.

पाद्रे आले तेव्हा मला सुचलं. खरं सांगते, भक्तीने सुचलं.

"पाद्रे, ह्या डब्यातलं पाणीही मंतरून द्या. गाडीच्या पोटात मातेचंच पाणी जाऊ दे."

पाद्रेंनी प्रार्थना म्हटली. मागचा बसवाला हे बघत होता.

"दोन्या बेलार्मिना, थोडं आमच्याही गाडीला द्या की." मानाच्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात.

माझ्याकडे कुणी काही मागितलं आणि मी दिलं नाही, असं कधी झालेलं नाही. बसला दिलं. मग दुधाच्या ट्रकला दिलं. मोटारसायकलींना रेडिएटर नसतो, तर त्या पोरांनी ते पाणी डोक्यावर घेतलं. लोक रांग लावून उभे. 'दोन्या, इकडे', 'दोन्या, आमच्या म्हातारीच्या गुडघ्याला'. मी वरून असं पाणी वाटत होते, जणू देऊळ माझंच. शेवटी हिल्दार्दो आला, आपली नवी कोरी चकचकीत हॉटेलची गाडी घेऊन. मागे मातीची पोती आणि बेगोनियाची रोपं भरलेली होती. दडवलेलीही नव्हती. वरून साखळदंड, तेर्काला ओढून न्यायला.

"वहिनी, आम्हालाही थोडं?"

"घ्या भावजी. पोटात माती घेऊन फिरणाऱ्याला जास्त गरज."

आणि डबा उलटा केला. शेवटचा थेंबसुद्धा त्याला दिला. तो गेल्यावर मला कळलं की डबा रिकामा आहे. मी झाकण लावलं. वाटेत ओढा लागतोच, तिथे भरून घेऊ, असं मनाशी म्हटलं.

ओढा लागला तेव्हा तेर्का अशी चालली होती की थांबवायचं मनात आलं नाही. तंगडीमोडीचे पहिले दगड तिने बैलाने कडबा खावा तसे खाल्ले. यूरानी पुढे पायी, उलटी चालत, हातांनी खुणा करत होती. "डावं घे, डावं. सोड. आता सावकाश. दगडावर चाक चढव, दगडाला टाळू नकोस." फाबेर घामाने भिजलेला. मी वर राणीसारखी, एका हाताने स्टूल धरून. मागून गाव येत होतं, पण चाकाखालून दगड निसटायला लागले, तेव्हा यूरानीने सगळ्यांना खालच्या वळणावरच थांबवलं. पाद्रे, बँडवाले आणि बाकीच्या गाड्या सडकेने वर गेल्या होत्या, आणि हिल्दार्दो तर सगळ्यांआधी वळसा घालून वरच्या देवळात जाऊन बसला होता, बेगोनियांना पाणी घालत.

पायरी समोर दिसली आणि पुढून आवाज आला. फिस्स्स.

वाफ वर आली. यूरानीने फाबेरला थांबायला सांगितलं, चाकांमागे दगड लावले, बॉनेट उघडलं आणि वाकून बघितलं.

"फाबेर झाला त्या वर्षीचं ठिगळ," ती म्हणाली.

मी स्वतःच स्वतःचं तोंड शालीने झाकलं. असं फार क्वचित होतं.

तिने खिशातून कपडे धुवायचा साबण काढला आणि भोकावर घासला. "हा टिकला तर पायरीपुरता टिकेल. पण पाणी बरंच गेलंय. थोडं निवू द्या, मग पाणी भरायला हवं. सासूबाई, तो डबा."

ओढा खाली राहिला होता. पार खाली, जिथे सगळा गाव उभा राहून वर बघत होता. माणूस पाठवला असता तर सगळ्यांना कळलं असतं की बेलार्मिनाने गाडीचं पाणी वाटून टाकलं. आणि हिल्दार्दोला वर कळलं असतं. आणि त्या तेर्काच्या पोटात, जिथे एवेलिओचा हात फिरलाय तिथे, मातीची पोती गेली असती.

"तुम्ही तुमचं काम बघा," मी म्हटलं. "पाणी मी भरते."

फाबेर गाडीखाली शिरून पाटे तपासत होता. यूरानी पायरीवर जाऊन चाकासाठी दगड रचत होती. इंजिन जरा निवल्यावर मी फडकं घेऊन झाकण उघडलं आणि दुसरा डबा उचलला. रंगाची काळजी नव्हती. जुन्या रेडिएटरच्या गंजाने पाणी तसंही तांबडंच होतं. लिंबू पिळलेलं होतं, पण बिया मी गाळून घेतल्या होत्या. एवढं मात्र समाधान होतं.

"भरलं का, सासूबाई?" यूरानीने वरून विचारलं.

"काठोकाठ."

गाडी सुरू झाली. आधी सगळं ठीक. मग इंजिन तापलं आणि वास सुटला. कसा वास म्हणून सांगू, गुऱ्हाळावर काकवी उकळत असावी तसा. गोड, दाट, भूक लावणारा.

"आई," फाबेर म्हणाला, "गुऱ्हाळ कुठे पेटलंय?"

"डोंगरापलीकडे. तू समोर बघ."

"वारा तर इकडून तिकडे आहे."

"वाऱ्याशी लग्न लागलंय का तुझं? समोर बघ म्हटलं ना."

यूरानीने पायरीवरून नाक वर केलं. माझ्याकडे बघितलं. मी देवाचं नाव घेतल्यासारखं डोळे मिटले.

पुढची चाकं पायरीला लागली. इंजिन गुरगुरलं, मागची चाकं जागच्या जागी फिरली, तोंड आभाळाकडे गेलं आणि परत खाली आपटलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी ट्रक आडवा सरकला आणि माझ्या बाजूचं चाक अर्धं हवेत गेलं. खाली बघितलं तर केळीच्या बागा दिसल्या, वरून, जशा घारीला दिसतात.

फाबेरने ब्रेक दाबला. त्याच्या तोंडावर रक्त उरलं नव्हतं.

"आई, उतर. मी मागे घेतो. ट्रक जाऊ दे काकांना. तू उलटलीस तर मी काय करू?"

खरं सांगते, त्याचा तो आवाज ऐकून मी उतरणार होते. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कानापाशी काहीतरी गुणगुणलं. मग अजून एक. मग सगळा डोंगरच गुणगुणायला लागला. वरच्या खडकात कुठेतरी मोहोळ होतं. त्या मधमाश्यांना कळलं होतं की आमच्या बॉनेटखाली सणाचा गोडधोड स्वयंपाक चाललाय.

"माश्या!" फाबेर किंचाळला.

लहानपणी त्याला एकदा अशाच माश्या चावल्या होत्या आणि तो आठवडाभर भोपळ्यासारखा दिसला होता. त्याने मागे बघितलं नाही, खाली बघितलं नाही, पाय सगळाच्या सगळा दाबला. रहाटाचा दोर सोडायला वेळच मिळाला नाही. तेर्काने एक उसासा टाकला आणि उडी मारली. हो, उडीच. पायरी खाली राहिली. यूरानी पळता पळता बाजूच्या पायदांडीवर चढली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर पडली. मी डोक्यावर स्टूल धरलं होतं. तिने पदरासारखी माझी शाल ओढली आणि आम्ही दोघी शालीखाली.

"सासूबाई," ती शालीखाली म्हणाली, "लिंबूपण घातलंय का?"

मी शाल आणखी घट्ट ओढली. माश्या होत्या ना.

वरच्या देवळासमोर बँडवाले उभे होते. हिल्दार्दो बेगोनियाचं रोप हातात घेऊन उभा होता. त्याच्या तोंडावर मनोमन गाडीत फुलं लावून झाल्याचं हसू होतं. झाडांतून तेर्का बाहेर आली, तोंडातून वाफ काढत, फुगे फुटलेले आणि मागे काळा ढग. बँड एकदम थांबला. हिल्दार्दो ढग बघून देवळात पळाला, रोपासकट. वर जमलेले सगळे देवळात. आम्हीही देवळात. पाद्रे एलिसेओंनी दारातून बाहेर बघितलं, धुपाटणं उचललं आणि एकटे चालत गाडीपर्यंत गेले. धूर हलवत, प्रार्थना म्हणत. माश्यांना धूर आवडला नाही. हळूहळू सगळ्या उठल्या आणि खडकाकडे निघून गेल्या.

मंतरलेल्या पाण्याचा चमत्कार म्हणून देवळात लोकांनी गुडघे टेकले. पाद्रेंनी नाकाने श्वास ओढला. "काय सुगंध आहे हा," ते म्हणाले. "काय सुगंध."

माझ्या जिवात जीव आला, तो तेवढ्यापुरताच. कारण यूरानी बॉनेट उघडत होती. आणि हिल्दार्दो तिच्यामागे उभा होता.

"थांब," तो म्हणाला. "हा वास कसला? काय घातलंय ह्यात? वहिनी म्हणाल्या होत्या स्वतःच्या चाकांवर. काही लबाडी असेल तर पैज मोडली. पाद्रे, इकडे या."

तोवर खालच्या वळणावरचे लोकही चढून आले होते, सगळं गाव गोळा झालं. यूरानी वाकली. साबण कधीच वाहून गेला होता. ठिगळाच्या भोकावर तपकिरी, चकचकीत, दगडासारखा खडा बसला होता. एकही थेंब गळत नव्हता. तिने तो नखाने टोकरला. तुकडा तोंडात टाकला. चावला. आणि माझ्याकडे बघितलं.

लग्नात मी तिची नखं पाहुण्यांना दाखवली होती, ते मला आठवलं. तिलाही आठवलं असणार. तेच नख होतं. मी स्टूल घट्ट धरलं. आता ही बोलेल, आणि हिल्दार्दो साखळदंड काढेल, आणि तेर्का सडकेच्या कडेला बसेल, गजरा माळून. त्यापेक्षा तंगडीमोडीवरून गडगडले असते तरी चाललं असतं.

"गुळाचं पाणी आहे," यूरानी मोठ्याने म्हणाली.

हिल्दार्दो साखळदंड आणायला वळला.

"माझ्या बाबांची गॅरेजमधली जुनी युक्ती आहे. रेडिएटर गळायला लागला की गुळाचं पाणी भरायचं. उकळून त्याचा पाक होतो आणि भोक आपोआप बुजतं. सासूबाईंना मीच सांगून ठेवलं होतं. बघा, ऐकलं त्यांनी. माझं."

शेवटचा शब्द तिने माझ्याकडे बघून उच्चारला. मी मान हलवली. काय करणार, हलवावीच लागली.

"माझी सून," मी गावाला सांगितलं, "हुशार आहे."

हे मी पहिल्यांदाच बोलले होते. फाबेर माझ्याकडे असा बघत राहिला जणू मला माशी चावलीय. पाद्रेंनी माझा हात वर केला, बँड वाजला, आणि मी रडले. धूर डोळ्यांत गेला होता, हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं. बेगोनिया हिल्दार्दोला परत न्यायला लाज वाटली, म्हणून त्याने त्या कार्मेनमातेपुढे वाहिल्या. मातीची पोती मात्र गाडीतच राहिली.

मिस्सा संपेपर्यंत इंजिन गार झालं, आणि पाकाचं जे व्हायचं ते झालं. आतल्या आत चिक्की. पंखा फिरेना, पट्टा किंचाळायला लागला. पैज वर जायची होती, खाली यायची नव्हती, त्यामुळे हिल्दार्दोला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी देवळामागच्या चुलीवर पाणी उकळून उकळून ओतलं, तेव्हा कुठे तेर्का सुटली, आणि आम्ही सावकाश सडकेने खाली आलो. घरी आल्यावर मी स्वतः पेरूखालचं पोतं सोडून नवा रेडिएटर यूरानीपुढे ठेवला. काही बोलले नाही. तिने लगेच पाना उचलला. एवेलिओचा जुना रेडिएटर आता माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. त्याच्या जाळीत चमचे छान अडकतात.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण यूरानीने देवळासमोर जे सांगितलं ते डोंगरभर पसरलं, आणि आमचे लोक एखादी गोष्ट करायला लागले की हात राखून करत नाहीत. बसवाल्याने गुळाचं पाणी भरलं. दुधाच्या ट्रकवाल्याने भरलं, गळत नव्हतं तरी, उगाच सावधगिरी म्हणून. आणि हिल्दार्दोने, पैज हरल्याच्या रागात, आमच्याहून सरस करायचं म्हणून आपल्या नव्या कोऱ्या गाडीत अख्खी गुळाची ढेप विरघळवून ओतली. ती गाडी हॉटेलच्या दारातच बसली. हलेना. पाहुणे तिचे फोटो काढायला लागले, तेव्हा त्याने चारी बाजूंनी उरलेली माती टाकून नव्या बेगोनिया लावल्या. मी मुद्दाम तेर्कातून बघायला गेले. छान दिसते हो. गाडीला शोभतात फुलं.

आता आमच्या अंगणात गाड्यांची रांग लागलेली असते, आतून चिक्की झालेल्या. यूरानी एकेक धुऊन काढते, आणि पाणी उकळायला तिने मला बसवलंय. साधं, स्वच्छ पाणी. तरी गाडीत ओतायच्या आधी प्रत्येक हंड्यात ती बोट बुडवते आणि चाखून बघते.